सही कोणाची?

शुक्रवार, ३० जानेवारी २०२६

‘काम नाही, शाळा नाही, खरेदी नाही’ अशी आज अमेरिकाभर हाक होती. मिनेसोटातल्या मिनिआपोलिसमध्ये याच महिन्यात स्थलांतर कारवाईच्या वेळी दोन अमेरिकी नागरिक गोळीला बळी पडले, ७ तारखेला एक बाई आणि २४ तारखेला एक परिचारक. हा बंद त्यासाठी. ठिकठिकाणी हायस्कूलची मुलं वर्गातून उठून रस्त्यावर आली. उजव्या गोटातली प्रतिक्रिया ठरलेली: मास्तरांनी फूस लावली, पोरांना तास बुडवायचा होता, सगळ्यांना निलंबित करा.

पहिल्या दोन गोष्टींवर वाद घालता येईल. तिसरी मात्र कायद्यात बसत नाही, आणि ऊठसूट कायद्याचं नाव घेणाऱ्यांनी तरी ती बोलू नये.

आयोवातल्या डे मॉइनमध्ये डिसेंबर १९६५ मध्ये काही मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. शाळेने त्यांना घरी पाठवलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या कामात मोठा अडथळा येत नसेल तर मुलांचं मत दाबता येणार नाही, हे त्याचं सार. फितीने अडथळा होत नाही. वर्ग रिकामा झाला की होतो, म्हणून वॉकआउटला या निकालाचं छत्र नाही. मुख्याध्यापक गैरहजेरी लावू शकतो, दांडीची नेहमीची शिक्षा देऊ शकतो. पण नेहमीची म्हणजे नेहमीचीच. समुद्रावर फिरायला गेलेल्या पोराला शाळा सुटल्यावर तासभर बसवायचं आणि फलक घेऊन गेलेल्याला तीन दिवस घरी पाठवायचं, असं केलं की ती दांडीची शिक्षा राहत नाही, मताची होते. मग पालक वकील घेऊन येतात आणि शाळेकडे सांगायला काही उरत नाही.

खरी बोच पैशात आहे. कॅलिफोर्नियात राज्याचं अनुदान रोजच्या सरासरी हजेरीवर ठरतं. तिथल्या कायद्याने २०२३ पासून मुलांना वर्षातून एक दिवस नागरी किंवा राजकीय कार्यक्रमासाठी रजा मिळते, पण रजा मंजूर असली तरी त्या दिवसाचे पैसे शाळेला मिळत नाहीत. पोराला माफी, भुर्दंड शाळेला. टेक्सासमध्येही अनुदान हजेरीवरच, फक्त पट दिवसातल्या एका ठरावीक वेळी मोजतात. त्या वेळी बाकावर असलेला मुलगा दिवसभर हजर. म्हणजे त्या घटकेआधी बाहेर पडणं आणि नंतर बाहेर पडणं यात शाळेच्या हिशेबात जमीन-अस्मानाचा फरक. करदात्यांच्या पैशांबद्दल बोलणाऱ्या परंपरावादी मंडळींना हा मुद्दा खरं तर आयता मिळालेला आहे, पण टीव्हीवर तो कुणी मांडत नाही. ‘पोरं बिघडली’ म्हणणं सोपं पडतं.

आणि ‘पोरांना राजकारणात ओढू नका’ हे तर आपला तो बाळ्या, दुसऱ्याचा तो कार्टा असं झालं. १९७४ पासून दर जानेवारीत वॉशिंग्टनला गर्भपातविरोधी मोर्चा निघतो आणि त्याला कॅथलिक शाळांच्या बसच्या बस भरून येतात. १९६० च्या सप्टेंबरात कनेक्टिकटमधल्या शॅरन गावी परंपरावादी लेखक-संपादक विल्यम बक्ली यांच्या घरी जमलेल्या तरुणांनीच तर ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’ ही उजवी संघटना उभी केली. तरुणांनी रस्त्यावर यावं की नाही हा उजव्यांचा प्रश्न कधीच नव्हता. त्यांचा प्रामाणिक प्रश्न एवढाच आहे, की परवानगीच्या कागदावर सही कोणाची? आईबापांची असेल तर हरकत नाही. आईबापांना संध्याकाळच्या बातम्यांत कळणार असेल तर आहे. हे असं सरळ मांडलं तर डावीकडच्या बऱ्याच पालकांनाही पटेल.

झेंड्यांचा विषय मात्र मोर्चेकऱ्यांनी स्वतःच जपायला हवा. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात बेकायदा स्थलांतरितांच्या सरकारी सेवा बंद करणारा प्रस्ताव १८७ मतदानाला होता. १६ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसमध्ये त्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला आणि त्यात मेक्सिकोचे झेंडे फडकले. दूरदर्शनवर तेच दिसत राहिले. नोव्हेंबरात प्रस्ताव ५९ टक्क्यांनी पास. विरोधकाच्या हाती आयतं कोलीत दिलं ते असं. (पुढे न्यायालयाने तो अडवला, आणि लॅटिनो मतदार रिपब्लिकनांपासून तुटला तो तुटलाच. जिंकलेल्यांनाही ती निवडणूक महागात पडली.)

२००६ मध्ये लोक शहाणे झाले होते. डिसेंबर २००५ मध्ये प्रतिनिधीगृहाने २३९ विरुद्ध १८२ मतांनी एक विधेयक मंजूर केलं. कागदपत्रांशिवाय राहणं हाच मोठा गुन्हा, असं त्यात होतं. विरोधात २५ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये लाखो लोक उतरले. हाक दिली ती स्पॅनिश रेडिओवरच्या सकाळच्या विनोदी कार्यक्रमांच्या निवेदकांनी, पिओलिन आणि एल कुकुय यांनी. त्यांच्या सूचना मोजक्या: पांढरे कपडे घाला, हातात अमेरिकेचा झेंडा धरा. करमणूकवाल्यांनी राजकारणात पडू नये म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं, कारण त्या दिवशी शिस्त आणली ती करमणूकवाल्यांनीच. विधेयक सिनेटमध्ये अडलं. पण त्याच ऑक्टोबरात सीमेवर सुमारे ७०० मैल कुंपण घालण्याचा कायदा झाला, सिनेटमध्ये ८० विरुद्ध १९. बाजूने मत देणाऱ्यांत ओबामा आणि हिलरी क्लिंटनही होते. लोकांना माणसं हाकलायची नव्हती, पण सीमा हवी होती, असा त्या वर्षीच्या हवेचा अर्थ मला लागतो.

जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्थलांतर छाप्यांविरुद्धच्या निदर्शनांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पाच वेमो, म्हणजे विनाचालक टॅक्सी, पेटवल्या आणि धुराच्या लोटापुढे मेक्सिकोचा झेंडा हलवणारा माणूस जगभर दिसला. राज्यपालांना न विचारता नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, उतरवणं ही १९६५ नंतर न घडलेली गोष्ट होती. त्यावर जी गंभीर चर्चा व्हायला हवी होती, ती त्या एका फोटोने खाऊन टाकली.

सोमवार, २ फेब्रुवारी

काल ग्रॅमी. कोटाला, गाऊनला ‘आइस आउट’चे बिल्ले. (आइस म्हणजे स्थलांतर कायदा राबवणारं केंद्रीय खातं.) गायक बॅड बनी बक्षीस घेताना म्हणाला की आम्ही जनावरं नाही, माणसं आहोत, अमेरिकन आहोत. त्यात खोट काढायला जागा नाही. तो पोर्टो रिकोचा, आणि तिथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक. दुसऱ्या एका गायिकेने चोरलेल्या जमिनीवर कुणीच बेकायदा नसतं असं सांगितलं, आणि उजव्यांनी लगेच तिच्या बंगल्याखालची जमीन कुठल्या टोळीची हे शोधून काढलं. दोन्हीकडून टाळ्यांपुरतं. सातबाऱ्याचं भांडण ग्रॅमीच्या मंचावर सुटत नसतं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काल ट्रम्प सरकारचे सीमाप्रमुख टॉम होमन यांनी मिनेसोटातून स्थलांतर कारवाईवरचे ७०० जण मागे घेत असल्याचं जाहीर केलं. कारण दिलं ते काउंटी तुरुंगांच्या सहकार्याचं. सगळ्या वादात परंपरावादी बाजूचा सगळ्यात दणकट मुद्दा हाच आहे, म्हणून नीट लिहून ठेवतो.

एखादा माणूस दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला आणि काउंटी तुरुंगात आला, की त्याचे ठसे केंद्राकडे जातात. तो हद्दपारीला पात्र असेल तर आइस तुरुंगाला आय-२४७ए नावाचा फॉर्म पाठवते. सुटकेची वेळ झाल्यावरही याला ४८ तासांपर्यंत धरून ठेवा, आम्ही घ्यायला येतो, अशी ती विनंती. तुरुंगाने मानली तर दोन अधिकारी येतात, झडती झालेला, निःशस्त्र माणूस आतल्या आत ताब्यात घेतात. मानली नाही तर तोच माणूस रस्त्यावर येतो आणि त्याला धरायला मोठी तुकडी लागते, पहाटे, गल्लीत. मग शिट्ट्या, फोनचे कॅमेरे, गर्दी, अश्रुधूर, आणि शेजारी उभा असलेला भलताच कुणी अडकतो.

मग तुरुंग का मानत नाहीत? सगळीकडे डावेपणा नसतो, बऱ्याचदा वकिलांची भीती असते. फॉर्मवर सही असते ती आइसच्या अधिकाऱ्याची, न्यायाधीशाची नाही. २०१४ मध्ये ओरेगनमधल्या एका काउंटीने अशा फॉर्मवर एका बाईला धरून ठेवलं, आणि संघीय न्यायालयाने काउंटीलाच अवाजवी अटक-झडतीपासून संरक्षण देणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीच्या भंगाबद्दल जबाबदार धरलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका अपील न्यायालयाने हा फॉर्म विनंती आहे, हुकूम नाही, असं सांगितलं. शेरिफला, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, कळून चुकलं की केंद्राच्या विनंतीला मान दिला आणि काही चुकलं तर भरपाई आपल्या तिजोरीतून जाणार.

केंद्र सक्ती का करत नाही? कारण १९९७ चा प्रिंट्झ निकाल. बंदूक खरेदीदारांची चौकशी करण्याचं काम केंद्राने स्थानिक शेरिफांवर टाकलं होतं. मोंटाना आणि ॲरिझोनाचे दोन शेरिफ भांडले आणि जिंकले. निकाल लिहिला खुद्द परंपरावादी न्यायमूर्ती स्कालियांनी. तेव्हा उजव्यांनी पेढे वाटले, आज बेकायदा स्थलांतरितांना अभय देणारी शहरं त्याच निकालाच्या ओट्यावर बसली आहेत. यातून वाट राज्यांच्या विधिमंडळांतून जाते. टेक्सासने २०१७ मध्ये कायदा करून तुरुंगांना सहकार्य बंधनकारक केलं. वेळखाऊ, पण रीतसर.

दाराचा प्रश्नही सहीचाच. आय-२०० म्हणजे अटकेचं आणि आय-२०५ म्हणजे हद्दपारीचं वॉरंट. दोन्हींवर सही खात्याच्याच माणसाची. ते घेऊन रस्त्यावर धरता येतं, घरात मात्र घरच्यांनी हो म्हटलं तरच शिरता येतं, असं आजवर स्वतः खातंच आपल्या माणसांना शिकवत आलं. संमतीशिवाय उंबरा ओलांडायचा तर न्यायाधीशाची सही लागते. गेल्या महिन्यात मे २०२५ चं एक अंतर्गत टिपण उघडं पडलं. हद्दपारीचा अंतिम आदेश असेल तर आय-२०५ वर जबरदस्तीने घरात शिरता येईल, असं त्यात म्हटलं आहे. घर म्हणजे गड आणि सरकार उंबऱ्याबाहेर, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं त्यांनी इथे गप्प बसणं मला पटत नाही. मिनिआपोलिसच्या परिचारकाकडे पिस्तूल होतं, हे अधिकारी कारण म्हणून सांगू लागले तेव्हा बंदूकधारकांची संघटना नॅशनल रायफल असोसिएशन निदान बोलली तरी. त्याच्याकडे ते बाळगण्याचा परवाना होता.

मोर्चेकऱ्यांनाही रेघ माहीत असावी. उघड्यावर चाललेल्या कारवाईचं चित्रण करता येतं, आरडाओरडा करता येतो, शिट्टी वाजवता येते. अधिकाऱ्याला धरणं, ढकलणं, त्याच्या अंगावर जाणं हा संघीय गुन्हा. आपली गाडी त्याच्या गाडीपुढे आडवी घातली की मामला चित्रणाचा राहत नाही, अडवणुकीचा होतो. तिथे ‘मी फक्त बघत होतो’ हे टिकणं कठीण.

आज ५ फेब्रुवारी. गेल्या वर्षी याच तारखेला अमेरिकेचं लष्करी सी-१७ विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. बेड्या घातलेले. बहुतेक हरयाणा, गुजरात आणि पंजाबचे, तीन महाराष्ट्राचे. तेव्हा अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गप्पांत दोन सूर निघाले. एक, आपल्या माणसांना साखळदंड कशाला? दुसरा जरा हळू आवाजात: आम्ही रांगेत उभे आहोत ना! हा दुसरा सूर उजवा आहे आणि त्यात खोटं काही नाही. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यातच बायकामुलं धरलेली, आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. रांगेत असताना मूल २१ वर्षांचं झालं की ते आईबापांच्या अर्जातून गळतं. एवढं सोसून थांबलेल्याला कुंपण ओलांडून आलेल्याचा राग येणारच. फक्त सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं, तेव्हा तो दणका सगळ्या सह्या जागेवर असलेल्यांनाच बसला.

सोमवार, ९ फेब्रुवारी

काल सुपर बोल, अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. मध्यंतरात बॅड बनी, जवळजवळ सगळं स्पॅनिशमध्ये. ट्रम्प चिडले. उजव्यांची तक्रार अशी की वर्षातून एकदा सगळा देश एका पडद्यासमोर बसतो, तेव्हा सगळ्यांना कळेल असं काहीतरी असावं. तक्रार म्हणून ती गैर नाही. पण कारण शोधायला सांस्कृतिक कटापर्यंत जायची गरज नाही. २०२५ च्या हंगामात फुटबॉल लीगने साव पावलो, माद्रिद, डब्लिन, बर्लिन आणि लंडनमध्ये सामने भरवले. अमेरिकेतला प्रेक्षक पुरता जोडून झाला, वाढ बाहेर आहे. कलाकाराला मानधन नाममात्र, खर्च लीगचा आणि प्रायोजकाचा, म्हणजे हे तेरा मिनिटांचं जाहिरातीचं दुकान. मुक्त बाजाराची आरती ओवाळणाऱ्यांनी गिऱ्हाईक कोण हे आधी बघावं.

त्या मानाने टर्निंग पॉइंटने केलं ते जास्त बरं वाटलं. २०१२ मध्ये चार्ली कर्क यांनी सुरू केलेली ही तरुणांची संघटना. कर्क यांची सप्टेंबरात युटातल्या विद्यापीठात हत्या झाली. संघटनेने बंदी मागण्यापेक्षा आपला वेगळा कार्यक्रम उभा केला, किड रॉक आणि कंट्री गायक घेऊन, त्याच वेळेला. लाखो लोकांनी यूट्यूबवर पाहिला. एक्सवरही दाखवणार होते, पण ऐन वेळी जाहीर करावं लागलं की तिथे दाखवता येणार नाही. परवान्याची अडचण होती.