बँक स्ट्रीटवरची पाटी

मँचेस्टरला आलेल्या पाहुण्यांची पहिली फर्माईश ठरलेली: ओल्ड ट्रॅफर्ड, म्हणजे मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचं मैदान, दाखव. दाखवतेच. पण हाताशी वेळ असला तर त्यांना ट्रामने वेलोपार्कला उतरवते आणि क्लेटनमधल्या बँक स्ट्रीटवर नेते. तिथे सायकल शर्यतींच्या स्टेडियमचं पार्किंग आहे आणि एका घराच्या भिंतीवर छोटीशी पाटी. १८९३ ते १९१० मँचेस्टर युनायटेड इथे खेळत होती.

सुरुवातीला नाव होतं न्यूटन हीथ. १८७८ मध्ये लँकशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातल्या कामगारांनी हा संघ काढला. माझे बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. तेव्हापासून हा क्लब मला घरचाच वाटतो. पहिलं मैदान नॉर्थ रोडचं. हिवाळ्यात नुसता चिखल, आणि कपडे बदलायला खेळाडू अर्ध्या मैलावरच्या पबमध्ये जायचे.

बँक स्ट्रीटलाही सुख नव्हतंच. शेजारी रसायनांचे कारखाने, त्यांचा धूर थेट मैदानावर. १८९५ मध्ये वॉलसॉलच्या संघाने मैदान पाहूनच तक्रार नोंदवली, मग कसेबसे खेळले आणि १४-० हरले. सामने भरवणाऱ्या फुटबॉल लीगने तक्रार मान्य करून सामना पुन्हा खेळवला. या वेळी ९-०!

१९०२ मध्ये मात्र कर्जापायी क्लबच बुडायला आला, मैदानाला टाळं लागलं. कर्णधार हॅरी स्टॅफर्ड पैशांसाठी वणवण फिरला. त्याच्या हरवलेल्या कुत्र्यामुळे दारूचे कारखानदार जॉन हेन्री डेव्हिस यांची गाठ पडली, असं इथे सांगतात. डेव्हिस आणि इतरांनी पैसे घातले, एप्रिलमध्ये मँचेस्टर युनायटेड हे नवं नाव मिळालं. खेळाडूने असा क्लब वाचवावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे १९०८ ची लीग आणि १९०९ चा एफए कप जिंकला तेव्हा संघाचं घर हेच, धुरातलं.

डेव्हिसनीच ६०,००० पौंड दिले आणि ओल्ड ट्रॅफर्ड उभं राहिलं. २२ जानेवारी १९१० ला टॉटनहॅमला ५-० हरवून युनायटेडने बँक स्ट्रीट सोडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत वादळात इथला एक स्टँड कोसळला.

पाटी वाचून झाली की मी पाहुण्यांना मान वर करायला सांगते. समोर दिसतं ते एतिहाद स्टेडियम, युनायटेडच्या शहरातल्याच प्रतिस्पर्धी क्लबचं, मँचेस्टर सिटीचं. २००३ पासून सिटीचं घर इथेच आहे.