परत गेलेल्या रुग्णाची नोंद कुठे असते?

सोयाबीनच्या काढणीचे गुत्ते, म्हणजे ठेका, टोळीने घेतलेले असते आणि एक बाई कमी झाली की तिची पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, बाकीच्यांच्या माथी येते, म्हणून तीन दिवस अंगावर ताप काढलेली माझी काकू चौथ्या दिवशीही हातातली पात संपवूनच रानातून निघाली. काळीपिवळी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचेपर्यंत पाऊण वाजला होता. "मावशी, केसपेपर बंद झाले, उद्या सकाळी लवकर या," असे खिडकीतून सांगण्यात आले. त्याच संध्याकाळी बाजारच्या गावातील खासगी दवाखान्यात तिला सलाईन लागले आणि गुत्त्याचे दोन दिवसांचे पैसे तिथे गेले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. परंतु उद्यावर ढकललेला मोफत उपचार मजुराला परवडत नाही, हे लातूर जिल्ह्यातील आमच्या गावात कोणीही सांगेल.

प्रारंभी मीही डॉक्टरांनाच दोष दिला. पुढच्या महिन्यात काकांना घेऊन त्याच केंद्रात गेलो तेव्हा मात्र रांगेकडे नीट पाहिले. आमच्यापुढे सात जण होते आणि त्यांतील पाच जण केवळ बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आले होते. काकाही त्याचसाठी आले होते. आमच्या मागे एक मुलगी आईच्या मांडीवर डोके टेकवून फणफणत पडली होती. ज्यांचे येणे महिनाभर आधी ठाऊक होते ते पुढे, आणि जिला सकाळीच ताप चढला ती मागे, अशी ती एकच रांग होती.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रोझव्हिल येथील कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या दवाखान्यात मार्क मरे आणि कॅथरीन टँटाऊ यांनी 1990 च्या दशकात हाच गुंता सोडवला. तिथे भेटीसाठी सुमारे 55 दिवस थांबावे लागे, ते एका दिवसावर आले. आजचे काम आजच करायचे आणि डॉक्टरांच्या वेळेचा मोठा भाग त्याच दिवशी येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवायचा, हे त्यांचे सूत्र होते. रोज येणारे रुग्ण आणि रोज तपासता येणारे रुग्ण यांचे प्रमाण बहुधा जुळलेले असते आणि तुंबलेले असते ते मागचे काम, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे वेळ ठरवून येण्याची पद्धतच नाही, त्यामुळे ते जसेच्या तसे लागू होणार नाही. पण ठरलेले काम रांगेतून बाहेर काढण्याची युक्ती नक्कीच लागू होते.

सपाट प्रदेशात साधारण 30,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र आणि 5,000 मागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर बीपी-शुगर आटोक्यात असलेल्यांना ठरलेल्या वारी तिथेच तपासून गोळ्या द्याव्यात आणि ज्यांचे आकडे बिघडलेले दिसतील त्यांना ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांसमोर बसवावे. केंद्रात केसपेपर काढतानाच सिस्टरने ताप, धाप आणि लहान मूल एवढे तरी पाहून क्रम लावावा. दुपारच्या ओपीडीचे दोन तास आरोग्य केंद्रांच्या सरकारी मानकांत लिहिलेले आहेतच. ते प्रत्यक्षात चालावेत, कारण रानातला माणूस दुपारीच मोकळा होतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मागे लसीकरण, तालुक्याच्या बैठका, बाळंतपणे, कधी शवविच्छेदन असा पसारा असतो, हे मान्य. पण ते कोणत्या दिवशी नाहीत हे आशाताईंमार्फत गावाला आदल्या संध्याकाळी कळवायला तर पैसे पडत नाहीत.

यापेक्षाही मला अधिक खटकते ते निराळेच. ओपीडीच्या रजिस्टरात आलेल्या प्रत्येकाचे नाव असते, मात्र काकूचे त्या दिवशीचे येणे कुठेही नाही. कागदावर तिच्यासाठी दवाखाना उघडाच होता. परत पाठवलेल्यांची वेळ आणि कारण लिहिण्यासाठी खिडकीजवळ एक वही ठेवावी, अशी मागणी मी रुग्ण कल्याण समितीतील एका सदस्यांकडे केली. त्यांनी आधी विचारले, "पण ती लिहिणार कोण?" प्रश्न रास्त होता. शेवटी औषधे देणाऱ्या भाऊंनी तयारी दाखवली आणि मी शंभर पानी वही आणून, तिच्यावर रकाने आखून त्यांच्याकडे दिली.