रेगेक्सला कंस मोजता येत नाहीत

आज दिवसभर नागपूरच्या कळमना मार्केटच्या नोंदी प्रोग्रामने वाचायचं काम: ‘संत्री (मृग (मोठी)), ४० क्रेट’. साधा रेगेक्स (मजकुरात नमुना शोधायचं सूत्र) पहिल्याच ‘)’ वर थांबला, ‘.*’ (काहीही, कितीही) लावलं तर शेवटच्या कंसापर्यंत सगळं गिळलं. कंसात कंस किती खोल, हे मूळ रेगेक्सच्या लक्षातच राहत नाही. आणि ‘(अ+)+ब’ (एक वा अधिक ‘अ’चे गट, मग ‘ब’) ला ३० ‘अ’ नि शेवटी ‘क’ द्या, बाप्पा! जुळलं नाही की मागे फिरून दुसरी वाट धरणारं रेगेक्स इंजिन कोट्यवधी वाटा तपासत बसू शकतं.

शब्द, आकडे, कंस सुटे करायला रेगेक्सच बरा. रचना मात्र हाताने लिहिलेल्या कोडने ओळखायची: प्रत्येक नियमाला एक फंक्शन, ‘(’ दिसला की त्याने स्वतःलाच बोलवायचं. चूक कुठल्या ओळीत, कितव्या अक्षरावर, हेही नेमकं सांगता येतं. जीसीसी या कंपायलरने २००४ मध्ये सी++ भाषेसाठी बायसन (नियमांवरून असा कोड आपोआप बनवणारं साधन) सोडून हाच मार्ग धरला. फक्त नियमाची सुरुवात त्याच नियमाने करू नका, फंक्शन स्वतःलाच बोलवत राहतं नि स्टॅक (चालू फंक्शनांची नोंद ठेवणारी मेमरी) भरून प्रोग्राम कोसळतो.