पहिल्या लेव्हलची पात्रे आणि लिंबची विहीर

साताऱ्यात शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या माडीवर दर रविवारी दुपारी पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा कथाखेळ खेळायला जमतात आणि डंजन मास्टर म्हणून, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी आणि नियम सांभाळणारी म्हणून, मी टेबलाच्या टोकाला बसते. नवी मोहीम सुरू करताना पात्रे कोणत्या लेव्हलची, म्हणजे ताकदीच्या कोणत्या पायरीवरची, घ्यायची हा प्रश्न दर वेळी निघतो, आणि माझे उत्तर आता ठरलेले आहे : पहिल्या लेव्हलची, कमरेला दोन-चार नाणी असलेली आणि नावावर सांगण्याजोगा एकही पराक्रम नसलेली.

हे उत्तर एका चुकीतून आले. माझ्या सुरुवातीच्या मोहिमेत मी २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम वापरले होते आणि पहिल्याच प्रसंगात चार गोब्लिन, म्हणजे खुजे, दुष्ट राक्षस, झाडीत दबा धरून बसवले होते. त्या नियमांत गोब्लिनच्या तलवारीचा घाव बसला, की सहा बाजूंच्या फाशावर पडेल त्यात दोन मिळवून तेवढी इजा होते, म्हणजे सरासरी साडेपाच. आमच्या जादूगाराकडे आठ हिट पॉइंट होते, म्हणजे तेवढीच इजा तो सोसू शकत होता. दोन घावांत तो कोसळला, कोसळलेल्याला जीव वाचवण्यासाठी टाकावे लागणारे तीन फासे उलटे पडले, आणि आठवडाभर खपून ते पात्र लिहून आणणारा मुलगा पुढच्या रविवारी आला नाही. मी नियम एकही मोडला नव्हता, पण त्या मुलाला काही ठरवण्याची संधीही दिली नव्हती. त्याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर काही महिने मी सर्वांना थेट पाचव्या लेव्हलवरून सुरुवात करू दिली. कोणी मेले नाही. पण प्रत्येक दारापाशी आगीच्या गोळ्याचा मंत्र तयार असल्यामुळे दारापलीकडे काय आहे, हे विचारायचे सर्वांनीच सोडून दिले. म्हणून मी जुने नियम उघडले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला. १९८१ च्या बेसिक संचात पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला चार बाजूंच्या फाशावर पडतील तेवढेच हिट पॉइंट आणि दिवसाला एकच मंत्र मिळतो. मात्र त्याच पुस्तकात गोब्लिन मारल्याबद्दल फक्त पाच अनुभव-गुण (ज्यांवरून लेव्हल वाढते ते) आहेत, आणि बाहेर काढलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक. लढाई टाळून खजिना आणणाऱ्यालाच तिथे बढती मिळते. शिवाय शत्रूलाही जिवाची भीती असते : त्याच्या बाजूचा पहिला जण पडला, की डंजन मास्टरने सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि बेरीज त्याच्या धैर्याच्या आकड्यापेक्षा जास्त आली तर तो पळतो किंवा शरण येतो. गोब्लिनचा आकडा सात, म्हणजे छत्तीसपैकी पंधरा शक्यतांत त्याचा धीर सुटतो. दुबळ्या पात्रांना हा नियम जितका तारतो, तितकी कोणतीही जादूची तलवार तारत नाही, असे माझे मत आहे.

यंदाच्या मोहिमेसाठी मी साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर डोळ्यांपुढे ठेवून नकाशा काढला. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेल्या या विहिरीच्या पोटातच महाल आहे, आणि एकदा पायऱ्या उतरून तो पाहिलेल्या माणसाला वेगळे डंजन, म्हणजे खेळातले भुयार, कल्पावे लागत नाही. माझ्या कथेत विहीर आटली होती, महालात सहा गोब्लिन राहत होते, आणि खाली जाणाऱ्या पायरीवर उंदराची हाडे व ताजी राख दिसेल, असे मी आधीच लिहून ठेवले होते. कोणतेही संकट अंगावर येण्यापूर्वी त्याची खूण दिसली पाहिजे, हा नियम मी आता कधीही सोडत नाही.

राख पाहताच पाचही जण थांबले आणि चक्क गावात परतले. जवळजवळ पाऊण तास मी फक्त प्रश्नांना उत्तरे देत होते. मोटेचा नाडा किती वजन पेलतो? थारोळ्यापासून, म्हणजे मोट रिकामी होते त्या जागेपासून, महालाचा झरोका किती हात खाली आहे? वाऱ्याची दिशा कोणती? आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका लहानपणी माहेरी मोटेच्या धावेवर, म्हणजे बैलांच्या उतारावर, बैल हाकत असत. मोट कशी सोडायची, हे त्यांनीच इतरांना समजावून सांगितले. अखेर पाचही जणांनी गावकऱ्यांकडून सुक्या मिरच्यांचे पोते उसने घेतले, ओल्या पाल्यात ते पेटवून मोटेतून झरोक्यापर्यंत सोडले, आणि स्वतः पायऱ्यांच्या तोंडाशी भाले रोखून उभे राहिले. खोकत वर आलेला पहिला गोब्लिन पडला. मी दोन फासे सर्वांसमोर टाकले. बेरीज नऊ आली, आणि उरलेल्या पाच जणांनी हत्यारे खाली ठेवली.

जादूगाराचा दिवसाचा एकमेव मंत्र तसाच शिल्लक होता. तो जादूगार खेळणाऱ्या मुलीने शरण आलेल्यांची भाषा समजून घेण्यासाठी वापरला, आणि विहिरीचे पाणी नेमके कोणी अडवले आहे, हे तिने त्यांच्याचकडून काढून घेतले. ते उत्तर मी तयार ठेवलेले नव्हते. तिने विचारल्यावरच मला ते ठरवावे लागले, आणि पुढच्या चार रविवारांचा खेळ त्यातूनच निघाला.