म्हार्दोळहून ताळगावला, व्हाया लिस्बन

लोक विचारतात एमएला काय घेतलंस, आणि युरोपचा इतिहास, राजकारण, संस्कृती असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग पुढे काय करणार, आणि त्याच्या पुढचा, गोव्यात बसून युरोप कशाला. या शेवटच्या प्रश्नाला पहिल्या वर्षी माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणून लिहायला बसलेय, थोडं लांबेल.

मी म्हार्दोळची. सकाळी फोंडा-पणजी बस पकडते, मंगेशी, कुंडई, भोम, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, रायबंदर, मग पणजीत उतरून ताळगावच्या पठारावर विद्यापीठात जाणारी दुसरी बस. लहानपणापासून या रस्त्याने शेकडो वेळा गेलेय आणि कधी काही वाटलं नव्हतं, पण पहिल्या सेमिस्टरला जर्मनीतला धर्मसुधारणेचा काळ शिकत होतो आणि १५५५चा आउग्सबुर्गचा तह आला, ज्याचं सूत्र असं की ज्याचं राज्य त्याचा धर्म, राजा कॅथलिक तर प्रजा कॅथलिक, राजा लुथरचा, म्हणजे प्रोटेस्टंट, तर प्रजा लुथरची, आणि ज्याला पटत नाही त्याने मालमत्ता विकून दुसऱ्याच्या राज्यात निघून जावं, तेवढी मुभा. मॅडम हे शिकवत होत्या आणि माझ्या डोक्यात एकदम आमची म्हाळसा आली.

कारण म्हाळसा मुळात म्हार्दोळची नाहीच, ती वेर्ण्याची. गोव्यातले साष्टी-बार्देश १५४३ला पोर्तुगीजांकडे गेले, पुढे देवळं मोडायला लागले, तेव्हा १५६०च्या आसपासच्या त्या वर्षांत लोकांनी देव उचलले आणि झुवारीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात, आणले, तिथे आदिलशाही होती. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून आमच्याकडे, आणि देवीबरोबर गावाचं नावही आलं, वेर्ण्याची जागा आता जुने म्हार्दोळ. ही गोष्ट आजीने शंभरदा सांगितलेली, पण आजीच्या गोष्टीत फक्त वाईट फिरंगी आणि पळणारे आम्ही एवढंच होतं. आउग्सबुर्गशी पोर्तुगालचा थेट संबंध नाही हे मला माहितेय, पण हवा तीच होती, एका राजाच्या राज्यात दोन धर्म नांदू शकत नाहीत असं तेव्हाचा जवळपास सगळा युरोप मानत होता, आणि त्यासाठी ते एकमेकांनाही जाळत होते. हे कळल्यावर माझा राग कमी झाला असं अजिबात नाही, पण त्या रागाला आता आगापिछा आहे.

पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला गार्सिया द ऑर्तांचं नाव आहे. किती जणांना माहितेय की हा डॉक्टर मूळ ज्यू घराण्यातला, पोर्तुगालमध्ये १४९७ला ज्यूंना सक्तीने ख्रिश्चन केलं त्यातल्या कुटुंबातला, १५३४ला गोव्यात आला, इथल्या औषधी झाडपाल्यावर पुस्तक लिहिलं, ते इथेच १५६३ला छापलं गेलं, १५६८ला वारला. दुसऱ्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांच्या बहिणीला इथे जिवंत जाळलं आणि १५८०ला त्यांची स्वतःची हाडं उकरून काढून जाळली. म्हणजे स्पेन-पोर्तुगालमधल्या ज्यूंची शोकांतिका आमच्या पणजीच्या बागेपर्यंत आलेली आहे, आणि आम्ही तिथे बाकावर बसून शेंगदाणे खातो. मी आता त्या बागेतून नुसती जाऊ शकत नाही, थांबतेच.

आणखी एक कोडं होतं. फोंडा १७६३ला पोर्तुगीजांच्या हातात गेला, नव्या काबिजादीत, म्हणजे अठराव्या शतकात जिंकलेल्या मुलखात, मग तेव्हा म्हाळसेचं देऊळ का नाही पाडलं? जुन्या काबिजादीत, सोळाव्या शतकात घेतलेल्या मुलखात, जे केलं ते इथे का नाही? मी हे वर्गात विचारलं आणि सर म्हणाले उत्तर लिस्बनमध्ये शोध. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी लोक चर्चमध्ये आणि लिस्बनला भूकंप, मग समुद्र आत आला, मग आग. शहर परत उभारणारा माणूस मार्केस द पोंबाल, त्याने १७५९ला जेझुइट पाद्र्यांना हाकललं, धर्मसत्तेचे पंख कापले, राज्य मोठं आणि चर्च त्याच्या खाली अशी मांडणी केली. तोपर्यंत लिस्बनला गोव्यात धर्मांतरापेक्षा शांत प्रजा आणि मराठ्यांविरुद्ध टिकाव जास्त हवा होता. एवढं एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, इथली परिस्थितीही होती, पण नव्या काबिजादीतल्या लोकांना त्यांचे रीतिरिवाज पाळू देण्याचं वचन मिळालं ते या काळात. बाणस्तारीच्या पुलावरून जाताना मला ही रेघ दिसते, पुलाच्या एका बाजूला सोळावं शतक आणि दुसऱ्या बाजूला अठरावं.

हे सगळं सिलॅबसमध्ये असतं असं समजू नका. युरोपचा इतिहास म्हणून जे शिकवतात त्यात इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, थोडा इटली, थोडा रशिया. पोर्तुगाल शोधप्रवासांच्या धड्यात येतो आणि वास्को द गामा उतरला की गायब होतो. मला हे फार खटकतं. आमच्या गोवेकरांसाठी तरी युरोप पोर्तुगालच्या बाजूने उघडायला हवा. पिसुर्ल्याहून आलेले पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज राजवटीतच पणजीच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख झाले आणि ती दप्तरं वाचून त्यांनी पोर्तुगीज-मराठे संबंध मांडले, मराठीतसुद्धा. सत्तरी तालुक्यातल्या माणसाने ते करून ठेवलंय, आणि आम्ही अजून इंग्लंडच्या राजांच्या याद्या पाठ करतोय.

आता आजोबद्दल, कारण मला मुळात त्याच्याबद्दलच लिहायचं होतं. आजोचा जन्म १९३८चा, शिक्षण सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेपुरतं. अजूनही त्याला पोर्तुगालच्या नद्या घडाघडा येतात, मिन्यु, दोरु, मोंदेगु, तेजु, ग्वादियाना, आणि रेल्वेची स्टेशनंही. मांडवी कुठे उगम पावते ते शाळेत कुणी शिकवलं नाही म्हणतो. लग्नपत्रिकासुद्धा छापायच्या आधी सेन्सॉरच्या शिक्क्याला जायच्या हे तो सांगायचा, आणि मला वाटायचं हे आम्हाला, म्हणजे वसाहतीतल्या काळ्या लोकांनाच होतं.

दुसऱ्या सेमिस्टरला सालाझार आला, पोर्तुगालचा हुकूमशहा. १९२६चा लष्करी उठाव, १९३०चा वसाहत कायदा, १९३३ची घटना, नवं राज्य म्हणवणारी त्याची राजवट. आणि मग मी जे वाचत गेले त्याने झोप उडाली. तिथल्या पेपरांनाही तोच शिक्का होता, निळ्या पेन्सिलीने कापलेला मजकूर. तिथल्या लोकांच्याही मागे पिडे हे गुप्त पोलीस होते. समुद्राकाठच्या पेनिशच्या किल्ल्यात १९४६नंतर आमचे गोवा मुक्तिलढ्यातले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे यांना नेऊन ठेवलं, आणि त्याच किल्ल्यात पोर्तुगालचे स्वतःचे राजकीय विरोधकही डांबलेले. त्याच लढ्यातले मोहन रानडे काशियासच्या तुरुंगात, तिथेही तेच. आता पेनिशच्या किल्ल्यात प्रतिकाराचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.

डिसेंबर १९६१मध्ये सालाझारने गोव्याला संदेश पाठवला होता, सैनिक आणि खलाशी एकतर विजयी व्हावेत नाहीतर मरावेत. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हाने ते मानलं नाही, १९ डिसेंबरला शरणागती दिली आणि अनेक जीव वाचले, आणि त्याबद्दल त्याला सैन्यातून काढून टाकलं. त्याला मान परत मिळाला तो १९७४ नंतर. २५ एप्रिल १९७४, अंगोला, मोझांबिक, गिनीच्या लढायांना कंटाळलेल्या पोर्तुगीज सैन्यातल्या कॅप्टन लोकांनी उठाव केला, लिस्बनच्या रस्त्यांवर लोक आले, बंदुकीच्या नळीत लाल कार्नेशनची फुलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे करारावर मान्य केलं.

मी हे सगळं आजोला एका संध्याकाळी बलकांवावर बसून सांगितलं. तो खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, म्हणजे ते आमच्या फाटल्यान सुटले गो. तेरा वर्षं मागून. मग म्हणाला त्यांच्यातली पोरं पण मारली असतील. हो म्हटलं, आफ्रिकेत हजारोंनी. तो उठून आत गेला आणि दिवा लावायला लागला, आणि मी तिथेच बसून राहिले.

आजचा युरोपसुद्धा आमच्या गल्लीत आहे, तो वेगळा विषय, पण दोन ओळी लिहितेच. वर्गातल्या किती जणांच्या घरी लिस्बनला जन्मनोंद करायची धावपळ चालू आहे, कारण १९६१ आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळू शकतो, आणि १ जानेवारी १९८६ला पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला म्हणून त्या पासपोर्टने युरोपियन युनियनचे सगळे देश उघडतात. मग लोक इंग्लंडमधल्या स्विंडनला गेले, मग २३ जून २०१६ला ब्रेक्झिटचं मतदान झालं आणि इथल्या घराघरात फोन खणखणले. मडगावशी नातं असलेला आंतोनियु कोश्ता १ डिसेंबर २०२४पासून युरोपियन कौन्सिलचा अध्यक्ष आहे, आमच्याकडे त्याला बाबुश म्हणून ओळखतात, पण युरोपियन कौन्सिल वेगळी, युरोपियन युनियनची मंत्र्यांची कौन्सिल वेगळी आणि स्ट्रासबुर्गची कौन्सिल ऑफ युरोप तर पूर्ण वेगळीच संस्था, हे फार कमी जणांना सांगता येतं. जी माणसं आपली भारतीय नागरिकता सोडून तिकडे जातायत त्यांना तरी हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, नुसतं रांगेत उभं राहून चालणार नाही.

मी आता पोर्तुगीज शिकतेय, आठवड्यातून तीन दिवस. कारण आजोच्या पत्र्याच्या ट्रंकेत कागद आहेत आणि घरात ते वाचणारा तो एकटाच, आणि त्याची नजर गेलीये. गेल्या रविवारी पहिला कागद पूर्ण वाचला, १९५७चं एका खात्याचं पत्र, नोकरीसाठी केलेला अर्ज पोचला एवढंच. खाली सहीच्या वर लिहिलंय, आ बेंय द नासांव, राष्ट्राच्या हितासाठी. सालाझारच्या काळात सरकारी पत्रांच्या शेवटी हे लिहिलेलं असायचं, हे मला नोट्समधून माहीत होतं. आजोला विचारलं तर म्हणाला, आम्हाला वाटायचं आपला नम्र असं काहीतरी असेल.

दुसरा कागद हाताने लिहिलेला आहे, शाई पसरलीये, जमिनीचं काहीतरी दिसतंय आणि त्यात पणजोबांचं नाव आहे. चौथ्या ओळीतला एक शब्द लागत नाहीये. सोमवारी सरांना दाखवते.