दर वारीला चार

नागजचा फाटा मागं पडला आणि डाव्या टाचेतला फोड पार टरारून आला. कार्तिकातलं दुपारचं ऊन, रुंद रस्ता, सावलीला झाड नाही. मिरजेपर्यंत सोबतीला ऊस होता, कवठेमहांकाळकडं द्राक्षबागा. इथं नुसता माळ. चोपदार मघाशी ओरडून गेला होता, "मागं राहू नका, ट्रक येत्यात." त्याचं बरोबरच होतं, तरी मला त्याचा राग आला. पुढं लांब गेलेल्या टाळांचाही आला.

कोल्हापूर सोडून किती दिवस झाले, ते त्या दुपारी मला सांगता आलं नसतं. हातकणंगले, जयसिंगपूर, अंकलीचा पूल, मिरज. डॉक्टर वॉनलेस यांच्या मिरजेच्या दवाखान्यात मी नर्सिंग शिकले, पण तिकडं वळूनही पाहिलं नाही. पंगत बसली होती आणि भूक लागली होती.

मी ख्रिस्ती. गल्लीतल्या दिंडीबरोबर ही माझी पहिलीच वारी. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोघातिघांना ते रुचलं नाही. रविवारी आम्ही टाळ घेऊन ना. वा. टिळकांची भजनं म्हणतो, आणि टिळक स्वतः सांगून गेले की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. तो पूल मला पायांनी बघायचा होता.

दुसरंही एक होतं. निवृत्त झाल्यावर मी ग्रीक शिकायला घेतलं, बायबलातला नवा करार मुळातून वाचावा म्हणून. दर गुरुवारी पाळकसाहेब शिकवतात. तीन वर्षं झाली, क्रियापदं धरली की निसटतात. जूनमध्ये मी वर्ग सोडला. माझं वय 63. ह्याच वयात, 1922 साली, पंडिता रमाबाई गेल्या. हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणून गेल्या. ते आठवलं की बळ यायच्या ऐवजी लाज वाटायची. तरी निघताना शब्दांची कार्डं पिशवीत टाकली. दिवसाला एक.

त्या दिवशीचा शब्द होता दिओको. नव्या करारातल्या फिलिप्पैकरांच्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल आधी सांगतो की मी मंडळीचा छळ करत होतो, आणि थोड्याच ओळींनी म्हणतो, मी खुणेकडं धावतो. मराठीत छळणं वेगळं, धावणं वेगळं. ग्रीकात दोन्हीकडं हाच शब्द. पाठीस लागणं. ज्या पायांनी तो माणसांच्या मागं लागला, त्याच पायांनी ख्रिस्ताच्या मागं लागला. प्रेतयात्रांना, उपासनांना तो अध्याय मी आयुष्यभर ऐकला, आणि हे कळलं ते नागजच्या माळावर, एका पायावर उभी असताना. डोळे भरून आले. टाच ठणकतच होती.

"काय झालं गं माऊली?"

आजी आमच्याच दिंडीतल्या, करवीर तालुक्यातल्या. त्याही मागं पडल्या होत्या. मला दगडावर बसवून त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला. मी मागं ओढला. "नको आजी, पायाला हात नको." शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुवायला लागला, तेव्हा पेत्रही असाच मागं सरला होता. आजींनी पाय सोडला नाही. बाटलीत तळाला पाणी होतं, पुढचं पाणी जुनोनीला मिळणार होतं. ते सगळं त्यांनी माझ्या पायावर ओतलं. हळूहळू, बोटांच्या बेचक्यांतली माती काढत.

मग कनवटीची सुई काढून त्या दोरा ओवायला लागल्या. फोडातून दोरा आरपार काढून तसाच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं. मी म्हटलं, दोरा नको, त्याच्या वाटेनं जंतू आत जातात. आजी चिडल्या. "बावीस वाऱ्या केल्यात म्या." माझी वॉर्डात 36 वर्षं गेलेली, मीही ऐकेना. शेवटी सुई काडीच्या जाळावर लाल करून, निवू दिली आणि कडेला टोचली. पाणी काढलं, वरची कातडी तशीच राहू दिली, माझ्याजवळच्या गॉजनं बांधलं.

आजी बराच वेळ बघत राहिल्या. "दोऱ्याबिगर बी जमतंय म्हणायचं. आता असंच करतो."

माझ्या हातातलं कार्ड त्यांनी विचारलं. मी सांगितलं, शब्द आहे, पाठ होत नाही.

"मला अक्षर न्हाई," त्या म्हणाल्या. "हरिपाठ ऐकून पाठ केला. दर वारीला चार अभंग. सात वाऱ्या लागल्या. मधी एक साल आजारी पडलो, तर दोन इसरलो, ते फिरून केले. चौदावा अजून हुकतोय. तितं आलं की शेजारणीच्या तोंडाकडं बघतो."

आम्ही उठलो. रात्री सतरंजीच्या जागेवरून एका बाईशी माझं वाजलं, आणि दिवा गेल्यावर मी बराच वेळ जागी होते. सांगोला आलं, गेलं.

पंढरपुरात चंद्रभागेत पाय सोडून मी प्रार्थना केली, मला येते तशी, येशूच्या नावानं. आजी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी थांबून घेतलं, मग डुबकी मारली.

स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली तेव्हा त्यांनी खिडकीशी माझा हात धरला.

"तुजा त्यो शबुद काय हुता?"

"दिओको."

"दिओको," त्या म्हणाल्या. डोळे मिटून ओठातल्या ओठात चारपाचदा घोळवला. "झाला पाठ. फुडचा सांग."

मी पिशवीत हात घातला. कार्डं संपली होती.