एक दात

तांत्रिक विभागातलं ते चार सिलिंडरचं इंजिन ओढत का नव्हतं, याचा अंदाज वर्गात सगळ्यांच्या आधी मला आला होता. अंदाज कसला, संशयच, आणि तो मी गिळून बसलो होतो. या स्मरणिकेत बाकीचे माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनावर आणि मैदानावर लिहितील. माझ्याकडे लिहिण्यासारखी ही एक कबुली आहे.

टायमिंग चेन, म्हणजे पिस्टननी फिरणाऱ्या क्रँकला व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशी जोडणारी साखळी, मी बसवली होती. क्रँकचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, 19 दातांचं, कॅमचं 38 दातांचं, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी व्हायची असते. दोन्हींवरचे ठिपके समोरासमोर आणायचे, चेन चढवायची, कव्हर लावायचं. चेन चढवताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांनी कॅमला जरा ढकललं. मी ठिपके बाजूने, तिरप्या नजरेने पाहिले, जुळल्यासारखे वाटले. तेवढ्यात घंटा झाली. कव्हर आवळून मी मोकळा झालो.

आणि इंजिन सुरू झालं! तेच तर वाईट झालं. रिकामं फिरताना कुणाला काही वाटलं नसतं. भार टाकला की मात्र दम सोडायचं, फेऱ्या वाढल्या की जरा सावरायचं. आम्ही पोरांनी प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, डिस्ट्रिब्युटर पुढे-मागे फिरवून झाला. सर हाताची घडी घालून बघत होते.

मग त्यांनी सिलिंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज हातात दिला. 150 पौंडांच्या आसपास यायला हवं तिथे चारही सिलिंडरना 118 ते 122. थोडं ऑइल सोडून पुन्हा घेतलं, जेमतेम चार-पाच पौंड वाढले, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक. एकेक सिलिंडर टॉपला, म्हणजे पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना आणून प्लगच्या भोकातून हवा भरली, कार्ब्युरेटरला कान लावला, सायलेन्सरला लावला, ऑइल भरायच्या तोंडाशी लावला. कुठेच फुसफुस नाही, म्हणजे गळतीही नाही. "चौघं एकदम, एकाच मापाने आजारी कसे पडतील?" सरांनी विचारलं. वर्ग गप्प, आणि माझे कान तापलेले.

व्हॉल्व्हवरचं झाकण, रॉकर कव्हर, काढलं. एक नंबरचा पिस्टन एग्झॉस्ट संपून इनलेट सुरू होताना टॉपला आणला. नेहमीच्या कॅमवर या क्षणी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे, जवळजवळ सारखे उघडे असतात. आमचा एग्झॉस्ट चांगलाच उघडा आणि इनलेट अजून झोपलेला. एवढ्यावर चेनचं कव्हर उघडायला हरकत नव्हती, पण सर म्हणाले, आधी मोजा, मग उघडा.

पत्र्याची गोल चकती कापून कंपासपेटीतल्या कोनमापकाने आम्ही तिच्यावर 360 अंश आखले होते. भूमितीचा तास मला तेवढा एकदाच उपयोगी वाटला. चकती क्रँकला बसवली, तारेचा काटा केला. खरी मेख टॉप शोधण्यात आहे. पिस्टन वर पोचला की क्रँक कित्येक अंश फिरतो तरी पिस्टन हलल्यासारखा वाटत नाही, डोळ्यांनी धरलेलं टॉप म्हणजे अंदाजपंचे. सरांनी प्लगच्या भोकात एक लांब बोल्ट बसवला. पिस्टन त्याला टेकेपर्यंत हाताने, हळूच, एका बाजूने फिरवलं आणि खूण केली. मग उलट फिरवून दुसरीकडून टेकवलं. एकीकडे 27, दुसरीकडे 33. म्हणजे आमचं टॉप 3 अंशांनी खोटं. काटा सरकवून दोन्हीकडे 30 केले, तेव्हा शून्य खरं झालं. बोल्ट काढला.

पुढे या धंद्यात पडल्यावर पुलीवरची खूण प्रमाण मानून दोन दिवस घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत एकदा मीही होतो. रबरावर बसवलेलं पुलीचं बाहेरचं कडं जागेवरून सरकतं, खूणही त्याच्याबरोबर जाते आणि त्या खुणेवर दिवा मारून लावलेली इग्निशनची, म्हणजे ठिणगीची, वेळही चुकते. तेव्हापासून बोल्ट घातल्याशिवाय मी टॉप मानत नाही.

असो. इनलेटच्या पुशरॉडवर, म्हणजे कॅमची उचल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या दांडीवर, ती उचल मोजायला डायल गेज लावला. क्रँक नेहमी इंजिन फिरतं त्याच दिशेने न्यायचा, नाहीतर चेनची ढील आकड्यात शिरते. एखादा अंश पुढे गेलाच तर बरंच मागे जाऊन पुन्हा यायचं. कॅमचं टोकही टॉपसारखंच फसवं, म्हणून सर्वात वरच्या उचलीच्या 1 मिलिमीटर आधी एक आकडा घेतला, 1 मिलिमीटर नंतर दुसरा. 102 आणि 156. मध्य 129. फळ्यावर इंजिनाच्या तक्त्यातला आकडा लिहिलेला होता, टॉपनंतर 110.

19 अंशांचा फरक. सरांनी 360 ला 19 ने भागायला सांगितलं. 18.9 आले. क्रँकच्या स्प्रॉकेटचा बरोबर एक दात, आणि कॅम मागे पडलेला. इनलेट उशिरा मिटत होता, तोवर पिस्टन वर निघालेला असायचा आणि आत घेतलेला माल परत कार्ब्युरेटरकडे ढकलायचा. जास्त फेऱ्यांना आत येणाऱ्या हवेला स्वतःचाच रेटा असतो, म्हणून वरती ते सावरायचं.

चेन कुणी बसवली होती, हे सरांनी विचारलं नाही. मीही बोललो नाही. चेनचं कव्हर उघडलं, ठिपके समोरून पाहिले, चेन एक दात सरकवली. क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून पाहिला, कुठे अडलं नाही. पुन्हा मोजल्यावर मध्य 110 वर आला.

कव्हर काढताना गॅस्केट फाटलं होतं. सरांनी कागद आणि कात्री आणली आणि चाळीस पोरांमधून नेमकं मलाच नवीन कापायला बसवलं.